प्लॅन बरोबर असतो पण घरी चालत नाही: बिहेविअर थेरपीत करुणा आणि स्वीकार आणायचा तर आधी काय, नंतर काय

"आम्ही पण अ‍ॅक्ट वापरतो ओ मॅडम, पण पालक ऐकतच नाहीत." हे वाक्य मी सोलापुरातल्या शॅडो टीचर्सकडून (शाळेत एका मुलासोबत राहून मदत करणाऱ्या), स्पेशल एज्युकेटर्सकडून, नुकतंच काम सुरू केलेल्या पोरापोरींकडून इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढते. गडबड त्या वाक्यातच आहे. पालकांनी आपलं ऐकावं म्हणून अ‍ॅक्ट नसतं.

ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्या मुलांच्या थेरपीत बहुतेक ठिकाणी काय होतं तर आधी मुलाच्या वर्तनाचा प्लॅन दिला जातो, घरी तो पाळला जात नाही, मग आपण चिडतो, आईला सुनावतो, आणि शेवटी कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये शिकलेलं "विचार झाडाच्या पानावर ठेवा आणि पाण्यात सोडून द्या" तिला करायला लावतो. म्हणजे सगळा क्रमच उलटा.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: अ‍ॅक्ट म्हणजे अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. त्रासदायक विचार आणि भावना आत असतानाच, त्यांच्याशी झटापट न करता, आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करत राहायला शिकणं, एवढं त्याचं सार. ती बिहेविअर सायन्समधूनच आलीये, त्यामुळे फंक्शन (वर्तन कशासाठी होतंय), रीइन्फोर्समेंट (कशामुळे ते पक्कं होतंय), डेटा यातलं काहीही सोडायचं नाहीये.

सुरू करण्याआधीची तयारी

पहिलं, स्वतःची हद्द ठरवा. मुलाच्या वर्तनाच्या प्लॅनमध्ये आईबापाला आधार म्हणून या पद्धती वापरणं वेगळं आणि आईच्या डिप्रेशनवर उपचार करणं वेगळं. दुसरं काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं आणि सायकियाट्रिस्टचं. त्यांचे नंबर आधीच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, गरज पडल्यावर शोधत बसू नका.

दुसरं, मुलाची तब्येत. जे मूल बोलत नाही आणि अचानक डोकं आपटायला लागलंय त्याचा कान, दात, पोट आधी डॉक्टरकडून तपासून घ्या. कान ठणकणाऱ्या पोराला टोकन बोर्ड (नीट वागलं की टोकन, टोकन साठली की बक्षीस) लावणं यासारखा अन्याय नाही.

तिसरं, जो सराव दुसऱ्याला देणार तो स्वतः रोज किमान पंधरा दिवस करा. न करता दिला की आवाजातच कळतं, पाठ करून आलोय ते.

⚠️ इशारा: बोलता बोलता कुणी "जगावंसंच वाटत नाही" म्हणालं तर सेशन तिथंच थांबवा. एकटं सोडू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे पोचवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

पायरी १: आधी स्वतःच्या पोटात काय होतंय ते बघा

सेशनला मूल किंचाळायला लागलं, बाहेर पालक बसलेत, काचेतून बघतायत. तुमच्या मनात काय येतं? माझ्या तर यायचं, "यांना वाटेल हिला काही येत नाही." आणि ते वाटू नये म्हणून मी दोनपैकी एक करायचे, एकतर डिमांड (मुलाला सांगितलेलं काम) लगेच मागे घ्यायचे नाहीतर आवाज चढवून काम पूर्ण करून घ्यायचे. दोन्ही वेळी मी मुलाचं वर्तन बघतच नव्हते, माझी लाज शांत करत होते.

म्हणून आठवडाभर स्वतःचा एबीसी चार्ट भरा, आधी काय घडलं, मी काय केलं, नंतर काय झालं. आणि चौथा रकाना वाढवा, "माझ्या आत काय होतं". आठ-दहा नोंदी झाल्या की पॅटर्न आपोआप दिसतो.

✔️ तपासा: कोणत्या मुलाच्या सेशनआधी माझं पोट आवळतं, आणि त्या सेशनमध्ये मी काय वेगळं करते, हे एका वाक्यात सांगता येतंय का? येत नसेल तर अजून आठवडा भरा.

पायरी २: पहिली भेट, फॉर्म बाजूला

पहिली वीस मिनिटं पेन खाली. खरंच खाली. आई, बाप, आजी जे आलंय त्याला बोलू द्या, मध्ये सल्ला नको.

भाषा बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (विणकर) घरात आजी तेलुगूत बोलते, अक्कलकोटकडून आलेली माणसं कन्नडमध्ये, आणि आपण मराठीत फाडफाड सांगतो, ते मान हलवतात. मान हलली म्हणजे समजलं असं नाही. जी भाषा रडताना तोंडात येते त्या भाषेत सांगू द्या, दुसऱ्याकडून अर्थ विचारून घ्या, पण ते काम मुलाच्या मोठ्या बहिणीला नका देऊ, तिच्यावर आधीच बरंच ओझं असतं.

काय बोलू नये: "टेन्शन घेऊ नका", "पॉझिटिव्ह राहा", "देव अशी मुलं खास आईलाच देतो", "मोबाईल दिलात म्हणूनच झालंय". यातलं शेवटचं तर आपल्यात सगळ्यात जास्त चालतं आणि त्यानंतर ती आई खरं सांगायचं कायमचं बंद करते.

काय बोलावं: "दिवसातली सगळ्यात जड वेळ कोणती जाते?" "तेव्हा घरात अजून कोण असतं?" "आजवर काय काय करून बघितलंत?" आणि मग थांबा, गप्प बसा. गप्प बसणं हे इथलं सगळ्यात अवघड काम आहे.

एक आई घरी विड्या वळायची. हजाराच्या हिशोबाने मजुरी, मूल पायाशी. मी तिला दर पंधरा मिनिटांनी खूण करायचा डेटा शीट दिला होता. ती तीन आठवडे कोरा शीट आणत होती आणि मी तीन आठवडे "ताई, असं कसं चालेल" करत होते. चौथ्या आठवड्यात ती आलीच नाही. ती चूक माझी होती, हात मोकळा नसणाऱ्या बाईला मी पेन धरायला लावलं होतं. नंतर दुसऱ्या एका घरात मी तोच डेटा शेंगदाण्यांवर घेतला, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत एक शेंगदाणा म्हणजे एक वेळा, रात्री मोजायचे. आठवडाभर एकही दिवस चुकला नाही.

तसंच पाण्याचा दिवस. आपल्याकडं काही भागांत चार-चार पाच-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही. मग शीटवर "पाणी" असा रकानाच ठेवा, त्या दिवशी प्लॅन नाही, गुन्हा नाही. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की दुपारचं सेशन सकाळी घ्या.

आणि करुणा म्हणजे नुसतं मान हलवून "हो ना, अवघड आहे" म्हणणं नव्हे. दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलंय का विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना १ लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य कवच मिळतं. कित्येक घरांना हे सांगितलेलंच नसतं. फॉर्म भरायला अर्धा तास बसलात तर त्या अर्ध्या तासाने जो विश्वास बसतो तो कुठल्या एक्सरसाइजने बसत नाही.

✔️ तपासा: भेटीनंतर स्वतःला विचारा, मी पहिला सल्ला कितव्या मिनिटाला दिला? वीसच्या आत असेल तर पुढच्या भेटीत परत हीच पायरी.

पायरी ३: फंक्शन दोघांचं काढा, मुलाचं आणि पालकाचं

मुलाचं फंक्शन काढायला सगळ्यांना येतं, लक्ष हवंय, वस्तू हवीये, काम टाळायचंय की आतूनच सुख मिळतंय. पालकाचं कुणी काढत नाही आणि प्लॅन फाटतो तो तिथंच.

नवी पेठेतल्या दुकानात मूल जमिनीवर लोळून रडायलंय. लोक बघतायत. आई मोबाईल देते. मूल शांत. मुलाला मोबाईल मिळाला म्हणून त्याचं लोळणं पक्कं झालं हे आपण लिहितो. पण आईला काय मिळालं? लोकांच्या नजरा हटल्या, छातीतली धडधड कमी झाली, "कसली आई आहे ही" हा मनातला आवाज थांबला. तिचं मोबाईल देणं पण पक्कं झालं. दोघं एकमेकांना शिकवतायत.

आता तुम्ही तिला सांगता की मोबाईल देऊ नका. तिला ते कळतं, पाठ आहे. पण त्या क्षणी तिला मुलाच्या रडण्याशी नाही, स्वतःच्या लाजेशी सामना करायचाय, आणि त्याचं आपण काहीच शिकवलेलं नसतं. स्वीकाराचं काम नेमकं इथं लागतं, इतर ठिकाणी ते सजावट होतं.

⚠️ नेहमीची चूक: "पालक नॉन-कंप्लायंट आहेत" (सांगितलेलं पाळत नाहीत) असं रिपोर्टमध्ये लिहिणं. लिहायचंच असेल तर लिहा, "दुकानात लोक बघत असताना आई मोबाईल देते, घरी देत नाही." पहिलं लेबल आहे, दुसऱ्यावर काम करता येतं.

पायरी ४: मुलाचा होकार आणि नकार लिहून काढा

सगळी करुणा आईसाठी आणि मुलासाठी मात्र "हात धरून करून घ्या" असं नको. बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्डाचा जो एथिक्स कोड १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे त्याच्या चार मूळ तत्त्वांत लोकांशी करुणेनं, सन्मानानं आणि आदरानं वागणं हे एक आहे, आणि त्या लोकांत समोरचं चार वर्षांचं पोर पण येतं.

न बोलणारं मूल पण सांगत असतं. प्रत्येक मुलाची यादी करा. होकार: जवळ येणं, वस्तूकडे हात करणं, अंग सैल, स्वतःहून टेबलापाशी बसणं. नकार: मान फिरवणं, हात ढकलणं, दाराकडे जाणं, अंग ताठ होणं, नेहमीचा आवाज बंद होणं. ही यादी आईबरोबर बसून करा, तिला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते.

मग नियम असा, की नकाराची छोटी खूण दिसताच थांबायचं, काम सोपं करायचं किंवा ब्रेक द्यायचा, मोठी खूण यायची वाट बघायची नाही. "मग तो प्रत्येक वेळी नाहीच म्हणेल की" असं विचारतात. सुरुवातीला म्हणतो, खरंय. त्याचा नकार ऐकला जातो हे एकदा पटलं की बहुतेक मुलं स्वतःहून परत येतात, आणि येत नसेल तर काम फार अवघड आहे किंवा कंटाळवाणं आहे, ते आपण बदलायचं.

⚠️ इशारा: रस्त्यावर पळणं, औषध, दुखापत, इथं मुलाच्या नकारावर सोडता येत नाही. तिथंही काय होणार ते आधी सांगा, शक्य तितके पर्याय द्या, कोणत्या हातावर सुई एवढा का होईना.

पायरी ५: कशासाठी करायचं ते ठरवा

विचारलं की दहापैकी नऊ पालक म्हणतात, "तो नॉर्मल व्हावा." यावर लेक्चर देऊ नका. असं विचारा, "समजा झाला, तर उद्या सकाळपासून तुम्ही काय कराल जे आज करत नाही?"

एका बापाने बराच वेळ विचार करून सांगितलं, "त्याला खांद्यावर घेऊन गड्ड्याला जाईन." गड्डा म्हणजे सोलापुरातली जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा. या बापाला लहानपणी त्याचा बाप न्यायचा, नंदीध्वज (यात्रेतले उंच सजवलेले ध्वज) दाखवायचा. मुलगा पाच वर्षांचा झाला तरी एकदाही नेलं नव्हतं, गर्दीत रडेल म्हणून. आता यात बघा, मुलाने नॉर्मल होणं कुठंच लागत नाही. मुलाबरोबर आपल्या गावाच्या जत्रेत असणं, एवढंच आहे, आणि त्यासाठी आजपासून काम सुरू करता येतं.

ध्येय आणि मोल यात गल्लत होते. ध्येय पूर्ण होतं, टिकमार्क होतो. मोल म्हणजे "मला बाप म्हणून कसं वागायचंय", ते रोज वागून दाखवायचं असतं आणि मुलाचा दिवस वाईट गेला तरी वागता येतं.

✔️ तपासा: पालकाने सांगितलेलं मोल तुमच्या शब्दांत आहे की त्यांच्या? "समावेशक सहभाग" असं लिहिलं असेल तर खोडा, "गड्ड्याला जाणं" लिहा.

पायरी ६: आता सराव, आणि तोही शांत वेळी

सगळे इथून सुरू करतात म्हणून फसतात. पोहायला शिकवायचं तर पुरात नाही शिकवत. दुकानात मूल लोळत असताना आईला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगू नका, आधी क्लिनिकमध्ये, चहाच्या वेळी, दहा-बारा वेळा होऊ दे.

मी जो क्रम वापरते तो असा:

१. प्रसंग आठवायला सांगा, फार वाईट नको, मध्यम. "अंगात कुठं जाणवतंय?" घसा, छाती, पोट. जागा बोटाने दाखवू दे.

२. मनातलं वाक्य तिच्याच शब्दांत बोलू दे. "मी वाईट आई आहे." मग तेच थोडं मागे सरकून, "माझ्या मनात आत्ता असा विचार आलाय की मी वाईट आई आहे." दोन-तीनदा. वाक्य खोटं ठरवायचं नाही, वाद घालायचा नाही, "नाही हो ताई तुम्ही किती चांगल्या आहात" तर अजिबात नाही.

३. पाय जमिनीवर, फरशी गार आहे का गरम. आजूबाजूचे तीन आवाज.

४. "आत्ता हे सगळं आत असताना, पुढचं एक छोटं काम कोणतं?" मुलाच्या उंचीवर बसणं. कार्ड दाखवणं. एवढंच.

समजावताना मी मागाचं उदाहरण देते. ज्यांच्या घराला लागून यंत्रमाग आहे त्यांना ती खटखट बंद करता येत नाही, पण त्याच खटखटीत बाई भाकऱ्या थापते, पोराला झोपवते, फोनवर बहिणीशी बोलते. आवाज थांबायची वाट बघत बसली असती तर चूलच पेटली नसती. मनातला माग पण तसाच, चालू राहू दे. हे सांगितलं की पूर्व भागातल्या बायका लगेच हसतात आणि पुढचं स्वतःच सांगायला लागतात. तुमच्या पालकांच्या घरात माग नसेल तर त्यांच्या घरातलं काहीतरी शोधा, माझं उदाहरण उचलू नका.

⚠️ दोन मोठ्या चुका, नीट वाचा.

एक: स्वीकार म्हणजे "नशिबात आहे ते भोगायचं" असं समजणं. पालक तसं म्हणतात आणि थेरपिस्ट खूश होतो की किती छान स्वीकारलंय. त्यांनी हात टेकलेत. ओळखायची खूण सोपी आहे, स्वीकारानंतर माणूस काहीतरी करायला लागतं, हात टेकल्यावर करणं थांबतं.

दोन: अन्यायाचा स्वीकार शिकवणं. शाळेत मुलाला मारतायत, सासरी "तुझ्यामुळंच असं झालं" म्हणून बाईला छळतायत, तिथं "ही भावना येऊ द्या" म्हणायचं नसतं. तिथं तक्रार, मदत, सुरक्षित जागा. स्वीकार आतल्या भावनेचा असतो, बाहेरच्या मारहाणीचा नाही.

पायरी ७: आता वर्तनाचा प्लॅन, छोटा

एका वेळी एक वर्तन, एक जागा, एक वेळ. आधी मुलाला बदली मार्ग द्या, म्हणजे ज्या कामासाठी तो लोळतो तेच काम सोप्या खुणेने व्हायला हवं. त्या गड्ड्याच्या पोराला आम्ही "चला जाऊ" असं कार्ड दिलं. नोव्हेंबरात, यात्रा भरते त्या होम मैदानावर, ते रिकामं असताना, संध्याकाळी दहा मिनिटं, कार्ड दाखवलं की लगेच निघायचं, दहा सेकंदात दाखवलं तरी निघायचं. मग पाळणे उभे राहत असताना. मग यात्रा सुरू झाल्यावर दुपारी, गर्दी नसताना, कानाला हेडफोन. संध्याकाळची गर्दी पहिल्या वर्षी घेतलीच नाही.

कार्डवर निघालात तर कार्ड पक्कं होतं, रडल्यावर निघालात तर रडणं पक्कं होतं, म्हणून रडायच्या आधीच्या खुणा (पायरी ४ ची यादी) बापाला पाठ हव्यात. आणि चुकून उशीर झाला, मूल रडलं, तर? जवळ बसायचं, सुरक्षित ठेवायचं, कार्ड हातापाशी द्यायचं, मदत करून दाखवायला लावायचं आणि निघायचं. मूल भेदरलेलं असताना गर्दीत उभं करून "जिंकू द्यायचं नाही" हा हट्ट नको.

⚠️ इशारा: "इग्नोर करा" हा आपल्या क्षेत्रातला सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा शब्द आहे. आधी मिळायचं ते बंद केलं की वर्तन कमी होण्याआधी एकदा उसळू शकतं, जोरात, जास्त वेळ. हे आईला आधी सांगितलं नसेल तर ती तिसऱ्या दिवशी हार मानते आणि मग वाढलेलंच वर्तन पक्कं होतं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाला नुसतं इग्नोर करायचा प्लॅन कधीच देऊ नका, आणि इग्नोर करायचंच तर वर्तनाकडे, मुलाकडे नाही.

पायरी ८: मोजायचं काय

इथं चांगले चांगले चुकतात. आईचं टेन्शन दहापैकी किती, ते कमी झालं का, हे मोजतात. कमी झालं तर बरंच, पण आपण त्यावर काम केलेलंच नाही. मोजा हे: लाज वाटली तरी ठरलेलं छोटं काम केलं, असं आठवड्यात किती वेळा झालं? टेन्शन आठच राहिलं आणि ही संख्या एकवरून पाचवर गेली, तर काम चाललंय.

मुलाचं नेहमीचं मोजमाप चालू ठेवा. वर दोन रकाने वाढवा, कार्ड किती वेळा वापरलं आणि सेशनमध्ये तो स्वतःहून किती वेळा जवळ आला.

आणि महिन्यातून एकदा पालकांना तीन प्रश्न, हे ध्येय तुम्हाला अजून महत्त्वाचं वाटतंय का, आपण जे करतोय ते करायला पटतंय का, फरक पडतोय तो घरात कामाचा आहे का. वर्तनशास्त्रज्ञ मॉन्ट्रोझ वुल्फ यांनी १९७८ मध्येच सोशल व्हॅलिडिटीचे (आपलं काम त्या लोकांना मोलाचं वाटतं का, याचे) हे तीन भाग मांडलेत, तरी आपल्या फाइलमध्ये ते क्वचित दिसतात. उत्तर "नाही" आलं तर प्लॅन बदला, पालकाला पटवत बसू नका.

पायरी ९: मुलालाच हे शिकवायचं असेल तर

बोलणाऱ्या, "जर-तर" समजणाऱ्या मुलांबरोबरच. साधारण शाळकरी वयात जमतं, पण वयापेक्षा भाषा बघा. परीक्षेच्या भीतीला नाव ठेवणं, तिला दप्तरात घेऊन शाळेत जाणं, असं खेळातून. जे मूल अजून दोन शब्द जोडत नाही त्याला "विचाराकडे बघ" म्हणण्यात काही अर्थ नाही, त्याच्यासाठी पायरी ४ आणि ७ हीच करुणा.

पायरी १०: हात काढताना

चांगलं चाललंय म्हणून एकदम बंद करू नका. आठवड्यावरून पंधरा दिवस, मग महिना. ज्या वेळी घसरणार हे आधीच माहीत असतं त्या तारखा आत्ताच लिहून द्या: जूनमध्ये शाळा सुरू होते तो आठवडा, घरातलं लग्न, दिवाळीचे फटाके, जानेवारीतला गड्डा. त्या प्रत्येक तारखेच्या आठ दिवस आधी एक फोन, आणि फोनवर पहिला प्रश्न मुलाच्या वर्तनाचा नको, "तुम्ही कशा आहात ताई" हा.